भूल आणि भरंवसा

शरीराला कांहीं मोठा रोग जडला आणि शस्त्रक्रियेवांचून उपाय नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील माणसांच्या मनांत दोन भयें उत्पन्न होतात. पहिलें शस्त्राचें व दुसरें भुलीचें. आणि पुष्कळांच्या बाबतींत हें दुसरें भय पहिल्याहून मोठें असतें. शस्त्र शरीराच्या एका भागास लागणार, परंतु भूल सगळ्या मनुष्यालाच घेऊन जाते. डोळे मिटल्यावर मी कोठें असेन? माझ्या देहाचें हे लोक काय करतील? मी परत येईन कीं नाहीं? हे प्रश्न रोगी तोंडानें विचारो अगर न विचारो, खाटेवर पडल्यापडल्या ते त्याच्या मनांत घोळत असतातच.

हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहींत. त्यांच्या मुळाशीं एक मोठा नैतिक प्रश्न आहे, तो असा: मनुष्य जेव्हां आपली शुद्धि, आपला श्वास व आपला निर्णय हीं सर्व दुसऱ्याच्या हातीं सोंपवितो, तेव्हां तो भरंवसा योग्य केव्हां व आंधळा केव्हां? असा भरंवसा ठेवणाराचें कर्तव्य काय, व ज्याच्यावर तो ठेवला त्याचें कर्तव्य काय? ह्या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे. परंतु प्रथम भूल म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. कारण जी गोष्ट ठाऊक नाहीं तिच्यावर ठेवलेला भरंवसा व तिचें वाटणारें भय हीं दोन्ही सारखींच आंधळीं असतात.

पुष्कळ लोक भुलीला झोंप म्हणतात, आणि डॉक्टरही रोग्याला धीर यावा म्हणून तोच शब्द वापरतात. परंतु झोंप व भूल ह्यांत मोठा भेद आहे. झोंपलेल्या मनुष्याला सुई टोंचली तर तो जागा होतो. घशाशीं कांहीं आलें तर तो खोकत उठून बसतो. सकाळीं जाग आल्यावर रात्र सरली इतकें त्याला कळतें. पूर्ण भुलींत गेलेल्या मनुष्याला चिरलें तरी तो जागा होत नाहीं. घशांत आलेलें बाहेर टाकण्याची शक्ति त्याच्यांत राहत नाहीं. स्नायु सैल करणारें औषध दिलें असल्यास त्याचा श्वासही दुसऱ्यानें चालवावा लागतो. आणि मध्यें किती वेळ गेला, घटकाभर कीं चार तास, ह्याची जागें झाल्यावर त्याला बहुधा कल्पनाच नसते. तान्हें मूल आईच्या हातांत जितकें परस्वाधीन असतें, त्याहून हा मनुष्य अधिक परस्वाधीन होय. कारण तान्हें मूल निदान रडूं तरी शकतें.

मग अशी परस्वाधीनता मनुष्यानें मुळीं पत्करावीच कां? ह्याचें उत्तर भुलीपूर्वींच्या काळाकडे पाहिल्यास सहज मिळतें. सुश्रुतसंहितेंत शस्त्रकर्मापूर्वीं रोग्याला मद्य पाजण्याची सूचना आहे. यूरोपांतही दारू व अफू ह्यांचाच आधार असे. बळकट माणसें रोग्याला धरून ठेवीत, आणि शस्त्रवैद्याची योग्यता त्याच्या हाताच्या चपळाईवरून ठरे. १८११ सालीं फॅनी बर्नी नांवाच्या इंग्रज लेखिकेच्या स्तनावर पॅरिस येथें शस्त्रक्रिया झाली, तेव्हां तिला सर्व कळत होतें. पुढें कित्येक महिने त्या प्रसंगाविषयीं बोलणेंही तिला अशक्य झालें, असें तिनें आपल्या बहिणीला लिहिलें. जपानांत हानाओका सेइशू ह्या वैद्यानें १८०४ सालीं वनस्पतींचें औषध पाजून भूल दिली व अशीच शस्त्रक्रिया केली. परंतु ती विद्या पुष्कळ वर्षें त्या देशाबाहेर गेली नाहीं. शेवटीं १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत विल्यम मॉर्टन ह्या दंतवैद्यानें ईथरची वाफ हुंगवून एका तरुणास भूल दिली, व जॉन कॉलिन्स वॉरन ह्या शस्त्रवैद्यानें त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्रक्रिया केली. त्या दिवसापासून वैद्यकाचा इतिहास पालटला.

परंतु लागलीच दुसरी एक शंका उभी राहिली, आणि ती शंका काढणारे लोक धर्मनिष्ठच होते. १८४७ सालीं नोव्हेंबर महिन्यांत एडिंबरो येथील डॉ. जेम्स यंग सिम्सन ह्यांनीं क्लोरोफॉर्म वापरावयास आरंभ केला व बाळंतिणींच्या वेदना त्यानें शमवूं लागले. तेव्हां कित्येकांनीं आक्षेप घेतला कीं, स्त्रीनें क्लेशानें मुलें प्रसवावीं असें उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे, तर वेदना हरण करणें हें देवाच्या आज्ञेविरुद्ध नव्हे काय? सिम्सननें त्याच वर्षीं एक लहानसें पुस्तक छापून ह्याला उत्तर दिलें. त्याचा आशय असा कीं, त्याच अध्यायांत भूमि कांटेकुसळें उपजवील व मनुष्य निढळाच्या घामानें भाकर खाईल असेंही आहे. मग शेतकऱ्यानें कांटे उपटूं नयेत, आणि बैलाच्या खांद्यावर जूं ठेवून आपला घाम वांचवूं नये, असें कोणी म्हणतो काय? शिवाय त्याच्या मागल्याच अध्यायांत आदामाची फांसळी काढण्यापूर्वीं देवानें त्याजवर गाढ निद्रा आणिली, हेंही त्यानें दाखविलें. पुढें ७ एप्रिल १८५३ रोजीं डॉ. जॉन स्नो ह्यांनीं विक्टोरिया राणीला प्रसूतिसमयीं क्लोरोफॉर्म दिला, आणि ह्या वादाचा जोर ओसरला.

आमच्यांतही कोणी म्हणेल कीं, ख्रिस्तानें वधस्तंभापाशीं बोळ मिसळलेला द्राक्षारस घेतला नाहीं, तर आपण वेदनेपासून कां पळावें? ह्या बंधूंनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ख्रिस्तानें जें नाकारलें तें स्वतःसाठीं नाकारलें; त्याच्याकडे आलेल्या एकाही रोग्याला त्यानें वेदना सोसीत घरीं परत जा असें सांगितलें नाहीं. एखादा मनुष्य दुसऱ्याच्या हिताकरितां वेदना पत्करतो, तेव्हां तो त्याग होय. परंतु ज्या वेदनेनें कोणाचेंच हित होत नाहीं, ती केवळ सोसली म्हणून पुण्य घडत नाहीं. भूल घेणें हा भित्रेपणा नव्हे, आणि अश्रद्धाही नव्हे.

येथवर पाहिलें तर भूल ही केवळ देणगी आहे असें वाटेल. परंतु ह्या देणगीची दुसरीही बाजू आहे, आणि ती लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. २८ जानेवारी १८४८ रोजीं, म्हणजे क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू होऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते तोंच, इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर थोड्याच मिनिटांत मरण पावली. तिच्या पायाच्या बोटाचें नख तेवढें काढावयाचें होतें. औषध चांगलें होतें, हेतु चांगला होता, भरंवसाही होता. परंतु तें औषध शरीरांत काय करतें ह्याचें ज्ञान अद्याप अपुरें होतें.

ह्या ज्ञानाचा शोध आपल्या देशांतही झाला. निजामाच्या राज्यांत, ज्यांत त्या काळीं मराठवाडाही होता, सर्जन एडवर्ड लॉरी ह्यांच्या पुढाकारानें १८८८ व १८८९ सालीं हैदराबाद येथें क्लोरोफॉर्मविषयीं दोन आयोग बसले व निजाम सरकारनें त्यांचा खर्च सोसला. तेथील डॉ. रुपाबाई फर्दुनजी ह्या भूल देणाऱ्या जगांतील पहिल्या स्त्रियांपैकीं एक गणल्या जातात. आयोगाचें म्हणणें असें पडलें कीं, क्लोरोफॉर्मनें आधीं श्वास थांबतो व मग हृदय. म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवावें. पुढें १९११ सालीं दुसऱ्या संशोधकानें सिद्ध केलें कीं, क्लोरोफॉर्मनें हृदयही एकाएकीं बंद पडूं शकतें. सारांश, दोन्हींकडे लक्ष हवें. क्लोरोफॉर्म तर आतां वापरांतून गेला. परंतु त्यानें शिकविलेला धडा राहिला. तो धडा असा कीं, भुलींत गेलेल्या मनुष्याजवळ कोणीतरी सतत जागें राहिलें पाहिजे. भूल देणाऱ्या डॉक्टरांचें खरें काम औषध टोंचण्यानें संपत नाहीं. तें तेथें सुरू होतें.

आज मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं काय घडतें तें थोडक्यांत सांगतों. प्रथम हें समजावें कीं, प्रत्येक शस्त्रक्रियेस पूर्ण भूल लागत नाहीं. कित्येक वेळां तेवढाच भाग बधिर करतात, अगर कमरेंत सुई देऊन खालचें अंग बधिर करतात, व रोगी जागा राहतो. पूर्ण भूल द्यावयाची असल्यास भूल देणारे डॉक्टर आधीं रोग्याला भेटतात, छाती व रक्तदाब तपासतात, तोंड उघडावयास लावून दांत पाहतात, व पुष्कळ प्रश्न विचारतात. शस्त्रक्रियेच्या खोलींत नेल्यावर दंडाला रक्तदाबाचा पट्टा व छातीला तारा लावतात, आणि बोटाला एक चिमटा लावतात. हा चिमटा रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण क्षणोक्षणीं दाखवितो. त्याचें तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी ह्यांनीं १९७४ सालीं शोधून काढलें, आणि त्यानें असंख्य प्राण वांचले आहेत. मग तोंडावर मुखवटा धरून प्राणवायु देतात व हाताच्या शिरेंतून औषध सोडतात. पुष्कळदां तें दुधासारखें पांढरें असतें व शिरेंत जातांना थोडी आग होते. त्यानें घाबरूं नये. मिनिटाच्या आंतच शुद्धि जाते. त्यानंतर बहुधा श्वासनलिकेंत नळी घालतात, व वायूनें अगर शिरेंतील औषधानें भूल चालू ठेवतात. शस्त्रक्रिया संपली म्हणजे औषध बंद करतात, रोगी स्वतः श्वास घेऊं लागतो, नळी काढतात, व पूर्ण सावध होईपर्यंत त्याला वेगळ्या खोलींत परिचारिकेच्या नजरेखालीं ठेवतात.

आतां भय किती बाळगावें? ज्या देशांत डॉक्टर व साधनें पुरेशीं आहेत, तेथें निरोगी मनुष्याचा केवळ भुलीमुळें मृत्यु होण्याचा संभव सुमारें लाखांत एक असा मानतात. मध्येंच जाग येण्याचें भय पुष्कळांना वाटतें. ब्रिटन व आयर्लंड येथील २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत अशा तक्रारीचें प्रमाण सुमारें १९,००० भुलींत एक इतकें आढळलें. वय फार असेल, हृदय अगर फुप्फुस दुबळें असेल, अगर शस्त्रक्रिया तांतडीची असेल, तर धोका वाढतो. म्हणजे भय अगदींच निराधार नाहीं, परंतु आपण समजतों त्याहून तें फार लहान आहे. आणि जें उरतें तें आणखी लहान करणें पुष्कळ अंशीं रोग्याच्या व त्याच्या घरच्यांच्या हातीं आहे. येथेंच आपल्या मूळ प्रश्नाचें पहिलें उत्तर मिळतें: भरंवसा ठेवणाराचें कर्तव्य सत्य सांगणें हें होय.

उपाशी राहण्याचीच गोष्ट घ्या. शस्त्रक्रियेपूर्वीं हलकें अन्न वा दूध घेतल्यास निदान ६ तास, तळलेलें अगर मांसाचें जेवण घेतल्यास ८ तास जावे लागतात; आईचें दूध पिणाऱ्या बाळाला ४ तास, व निव्वळ पाण्याला साधारणतः २ तास पुरतात. आपला चहा दुधाचा असतो, म्हणून तो पाण्यांत मोडत नाहीं. नक्की वेळ इस्पितळांत सांगतील तीच पाळावी. हा नियम कां? भुलींत पोटांतलें अन्न घशांत चढलें तर तें सरळ फुप्फुसांत उतरतें. १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेलसन ह्यांनीं ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी पाहून असे ६६ प्रसंग दाखविले. त्यांत दोन बायका घट्ट अन्नानें गुदमरून मेल्या.

तरी देखील आमच्या इस्पितळांतून काय घडतें? लेकरूं भुकेनें रडतें, आजीचें पोट तुटतें, आणि ती पदराआड त्याला बिस्किट भरविते. परिचारिका विचारते, तेव्हां आजी म्हणते, "नाहीं बाई, पाण्याचा थेंबही दिला नाहीं." ही आजी क्रूर आहे काय? मुळींच नाहीं. तिच्या पोटीं माया आहे. परंतु त्या मायेनें असत्याचा हात धरला, आणि तेंच असत्य त्या लेकराच्या जिवावर बेतूं शकतें. चुकून खाणें झालेंच असेल तर तें सांगून टाकावें. फार तर शस्त्रक्रिया पुढें ढकलतील, रागावतील. राग निघून जातो. गेलेला श्वास परत येईलच असा नेम नाहीं. जी दया सत्य झांकते, ती दया राहत नाहीं.

ह्याहून कठीण सत्य लाजेचें आहे. डॉक्टर विचारतात: दारू पितां काय? बिडी, तंबाखू, मिश्री? दम्याचा, मिरगीचा, साखरेचा आजार? कोणती औषधें, काढे वा जडीबुटी चालू आहेत? पूर्वीं भूल दिली तेव्हां तुम्हांला वा घरांत कोणाला त्रास झाला होता काय? स्त्रियांना विचारतात, पाळी कधीं आली होती, दिवस गेले आहेत काय? ह्यांतला एकही प्रश्न पापपुण्याचा हिशेब करण्याकरितां नसतो. नित्य दारू पिणाऱ्याला भुलीचें औषध निराळ्या मापानें लागूं शकतें, व दारू एकाएकीं तुटल्यानें दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं त्याला भ्रम व झटके येऊं शकतात. आधीं ठाऊक असेल तर त्याची तजवीज करतां येते. बिडी ओढणाराच्या छातींत कफ दाटतो. कांहीं आठवडे आधीं सोडल्यास मोठा लाभ, आणि तेवढा अवधि नसला तरी सोडण्यांत लाभच आहे. रक्त पातळ करणारी अगर साखरेची गोळी केव्हां बंद करावी हें डॉक्टरांनाच विचारावें. आपल्या मनानें कोणतेंही औषध सोडूं नये व घेऊंही नये.

परंतु ज्या मनुष्यानें मंडळींत दारू सोडल्याचें सांगितलें व जो चोरून पीत आहे, तो पाळकसाहेब उशाशीं उभे असतां खरें कसें सांगेल? जी सून सासूसमोर तोंड वर करीत नाहीं, ती आपली पाळी चुकल्याचें सासूदेखत कशी बोलेल? म्हणून उपदेशक बंधूंना व बायबलबाईंना माझी नम्र विनंति आहे कीं, डॉक्टर हे प्रश्न विचारावयास आले म्हणजे आपण होऊन खोलीबाहेर जावें, व इतर नातलगांनाही बाहेर न्यावें. प्रार्थना करावयाची ती आधीं अगर मागाहून करावी. रोग्याला आपल्यापुढें लाज वाटते आणि त्या लाजेपायीं तो डॉक्टरांपाशीं खोटें बोलतो, तर त्या खोट्याचा कांहीं भार आपल्याही शिरावर येतो.

लहान गोष्टींतही हाच नियम आहे. कवळी असल्यास सांगावी व काढून द्यावी. हलणारा दांत सांगावा. नखांचा रंग काढावा, कारण त्यानें बोटाच्या चिमट्याला अडथळा येऊं शकतो. नथ, बांगड्या, मंगळसूत्र वगैरे उतरून घरच्यांच्या हातीं द्यावें. शस्त्रक्रियेंतील विजेच्या उपकरणानें धातूपाशीं चटका बसण्याचा संभव असतो. आणि मुलांना "जत्रेला जाऊं" असें खोटें सांगून इस्पितळांत नेऊं नये. "डॉक्टर तुला औषध देतील, तूं निजशील, व उठशील तेव्हां आम्ही जवळ असूं," इतकें खरें त्याला पुरतें. ज्या मुलाला आईनेंच एकदां फसविलें, त्याचा भरंवसा परत मिळविणें शस्त्रक्रियेहून कठीण आहे.

आतां दुसरी बाजू. ज्याच्यावर भरंवसा ठेवला त्याचें कर्तव्य काय? तो जागरूक असावा हें तर झालेंच. परंतु त्याशिवाय त्यानें निजलेल्या मनुष्याच्या मौनाचा लाभ घेऊं नये. शुद्धि गेली म्हणजे मनुष्याची इच्छाही नाहींशी झाली, असें नव्हे. शुद्धीवर असतां त्यानें जें म्हटलें तेंच त्याचें म्हणणें होय, व तें तो जागा होईपर्यंत कायम राहतें. ह्याविषयीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १६ जानेवारी २००८ रोजीं एक महत्त्वाचा निकाल दिला. एका अविवाहित स्त्रीला तपासणीकरितां पूर्ण भूल देण्यांत आली होती. ती भुलींत असतां डॉक्टरांनीं तिच्या आईची संमति घेतली व तिचें गर्भाशय व अंडाशय काढून टाकलें. न्यायालयानें ठरविलें कीं, तपासणीस दिलेली संमति ही शस्त्रक्रियेस दिलेली संमति नव्हे. जीव वांचविण्याची तांतड नसेल, तर जी सज्ञान व्यक्ति थोड्या वेळानें जागी होऊन स्वतः निर्णय करूं शकते, तिच्या वतीनें आईनें संमति देणेंही चालत नाहीं.

हा निकाल डॉक्टरांसाठीं आहे तसाच आमच्यासाठींही आहे. आमच्याकडे शस्त्रक्रियेची गोष्ट नवरा, मुलगा अगर भाऊ डॉक्टरांशीं बोलतो, आणि ज्याच्या पोटावर सुरी चालणार त्याला "थोडी तपासणी आहे" इतकेंच कळतें. हें प्रेमानें होतें हें खरें. परंतु ज्याला कांहींच सांगितलें नाहीं तो भरंवसा ठेवीत नाहीं, त्याला केवळ नेण्यांत येतें. म्हणून रोग्याला त्याच्या भाषेंत सर्व सांगावें, व अंगठा उठविण्यापूर्वीं कागद वाचून दाखवावा. रोग्यानेंही विचारावें: भूल कोणती देणार? कोण देणार? ते डॉक्टर सर्व वेळ जवळ राहतील ना? धोका कोणता? असें विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे. जो प्रामाणिक आहे त्याला अशा प्रश्नाचा राग येत नाहीं. आणि ज्याला राग येतो, त्याच्याविषयीं थोडा अधिक विचार करणें शहाणपणाचें आहे.

शेवटीं जागें होण्याविषयीं सांगितलें पाहिजे. भूल उतरणें हें दिवा लागल्यासारखें एकदम होत नाहीं. आवाज आधीं ऐकूं येतात, डोळे जड असतात, थंडी वाजून अंग थरथरतें. घसा दुखतो, तें नळीमुळें. एकदोन दिवसांत बरें होतें. मळमळ व उलटी होते. आधीं औषध न दिल्यास तिघांत सुमारें एकाला हा त्रास होतो, व त्यावर उपाय आहे. जखम दुखूं लागते; तेव्हां सोशीकपणा न दाखवितां सांगावें, कारण दुखण्यामुळें जो खोल श्वास घेत नाहीं व खोकत नाहीं, त्याच्या छातींत कफ सांचतो. नातलगांनीं परिचारिकेनें सांगेपर्यंत पाणीही देऊं नये. श्वास लागणें, ओंठ निळे पडणें, रक्त वाहणें, अगर जागा झालेला मनुष्य पुन्हां बेशुद्ध होत जाणें, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास तत्काळ हांक मारावी.

म्हाताऱ्या माणसांना भुलीनंतर कांहीं तास, कधीं कांहीं दिवसही, भ्रम पडतो. तीं घरच्यांस ओळखत नाहींत, भलतेंच बोलतात, उठून पळूं पाहतात. ही बाहेरची बाधा नव्हे. देवऋष्याकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. डॉक्टरांना कळवावें, चष्मा व कानाचें यंत्र परत द्यावें, जवळ ओळखीचें माणूस बसवावें, व आज कोणता वार, आपण कोठें आहों, हें शांतपणें पुनःपुन्हां सांगावें.

ह्या अर्धवट शुद्धीच्या काळांत घरच्यांच्या प्रामाणिकपणाचीही परीक्षा होते. रोगी कोणाचें नांव घेईल, रडेल, मनांतलें कांहीं बोलेल. तें बोलणें त्याच्या इच्छेचें नव्हे. तें ऐकून सोडून द्यावें, गांवांत सांगून हंसूं नये, व मनांत धरून ठेवूं नये. तसेंच भुलीनंतर निदान २४ तास रोग्यानें गाडी अगर यंत्र चालवूं नये, दारूला शिवूं नये, व कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही करूं नये. कारण बोलणें सरळ दिसलें तरी विचारशक्ति पुरती ताळ्यावर आलेली नसते. आणि सख्खा भाऊ जर अशा वेळीं जमिनीच्या कागदावर त्याचा अंगठा उठवूं लागला, तर तो गुंगींतल्या मनुष्याची चोरीच करीत आहे असें समजून उशाशीं बसलेल्यानें त्याला अडवावें.

वाचकहो, ह्या सर्वांचें तात्पर्य काय? भुलींत जाणारा मनुष्य आपल्या हातांनीं आपलें रक्षण करूं शकत नाहीं. म्हणून तें रक्षण त्याला तीन ठिकाणीं ठेवून जावें लागतें: स्वतः आधीं सांगितलेल्या सत्यांत, डॉक्टरांच्या जागरूकतेंत, व घरच्यांच्या प्रामाणिकपणांत. ह्या तिन्हींपैकीं एक जरी खोटें निघालें, तरी इतर दोन उणीं पडूं शकतात. तीं तिन्ही खरीं असतील, तर तो भरंवसा आंधळा नव्हे. मनुष्यानें मनुष्यावर ठेवावयाच्या भरंवशाचा तो एक उत्तम नमुना होय.

तुमच्या गांवांत कोणी शस्त्रक्रियेस भीत असेल, तर "कांहीं होत नाहीं" असें म्हणून त्याची बोळवण करूं नका. त्याच्याजवळ बसा, वर सांगितलेलें त्याला समजावून द्या, त्याचे प्रश्न कागदावर लिहून द्या, आणि इस्पितळांत त्याच्याबरोबर जा. डॉक्टर आले म्हणजे बाहेर व्हा. आणि तो डोळे उघडील त्या वेळीं पुन्हां त्याच्या उशाशीं असा.